ट्रंका विकणारं घराणं आणि कोल्हापुरी चप्पल

मिलानच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकातून ला स्काला नाट्यगृहाकडे निघालं की मधे काचेच्या छताखालची एक प्रशस्त बाजारगल्ली लागते. गॅलेरिया व्हित्तोरिओ इमान्युएले. १८६७ साली खुल्या झालेल्या या गल्लीत १९१३ मध्ये मारिओ प्राडा आणि त्याचा भाऊ मार्तिनो यांनी चामडी सामानाचं दुकान टाकलं. बोटीच्या प्रवासाला लागणाऱ्या जाडजूड ट्रंका, हातबॅगा, श्रीमंत बायकांच्या शृंगारपेट्या असा तिथला माल. त्यातल्या ट्रंका आणि बॅगा इंग्लंडहूनही मागवलेल्या असत. म्हणजे ज्या प्राडा या फॅशन कंपनीवर २०२५ मध्ये कोल्हापूरचा माल आपल्या नावावर खपवल्याचा आरोप झाला, त्या घराण्याची सुरुवातच परक्या हातचा माल आपल्या पाटीखाली विकण्यातून झाली. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. दुकानदारी अशीच चालते. पण पाटी आणि हात यांतल्या कोणाला किती पैसे मिळतात, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि कोल्हापुरीच्या वादात नेमका तोच बाजूला राहिला. नक्षी कोणाची यावर आपण महिनाभर भांडलो. पैसा ज्याच्यामागे येतो तो नावावरचा ताबा, त्याच्याकडे आपण वळूनही बघितलं नाही.

प्राडाचा इतिहास म्हणजे या ताब्याचाच इतिहास आहे. १९१९ मध्ये मारिओला इटलीच्या राजघराण्याचा अधिकृत पुरवठादार म्हणून मान मिळाला आणि त्या सॅव्हॉय घराण्याचं राजचिन्ह, गाठी मारलेल्या दोरीसह, आपल्या नावाभोवती वापरायची परवानगी मिळाली. १९४६ मध्ये इटलीच्या लोकांनी मतदान करून राजेशाही मोडीत काढली. राजा देश सोडून गेला, दोरी मात्र बॅगेवर राहिली. आज प्राडाच्या बॅगेवर जो त्रिकोण दिसतो तोही मूळचा मारिओच्या ट्रंकांवरचा. ट्रंका केव्हाच गेल्या. विमानात कोण लाकडी पेटारा घेऊन चढणार? त्रिकोण उरला, आणि आता त्याचेच पैसे पडतात.

मारिओचं मत होतं की धंद्यात बायकांचं काम नाही. गंमत अशी, की मुलाला दुकानात रस नव्हता आणि मारिओच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये गल्ला लुइसाच्या, म्हणजे मुलीच्याच हाती आला. तिनं तो जवळजवळ वीस वर्षं सांभाळला. मग आली तिची मुलगी मिउचा. राज्यशास्त्रात डॉक्टरेट, मिलानच्या पिकोलो थिएटरात मूकाभिनयाचं शिक्षण, इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाची सदस्य आणि स्त्रियांच्या चळवळीतली कार्यकर्ती. चैनीच्या वस्तूंचं दुकान चालवायला याहून आडवळणाची तयारी सापडणार नाही. १९७८ मध्ये तिनं सूत्रं घेतली. त्याच सुमारास तिला पात्रित्सिओ बेर्तेल्ली भेटला, तोही चामड्याच्या धंद्यातला. इंग्लंडहून माल आणणं बंद करा, हा सल्ला त्याचाच. पुढे दोघांचं लग्न झालं आणि धंदाही एकत्र चालू लागला.

या घराण्याचं खरं भाग्य उजळलं ते १९८४ च्या काळ्या पाठपिशवीनं. ती चामड्याची नव्हतीच. सैन्याच्या तंबूंसाठी वापरतात त्या जातीचं नायलॉन होतं. सुरुवातीला ती फारशी खपली नाही. नंतर जगभर गाजली. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सत्तर वर्षं चामड्यावर जगलेल्या दुकानानं चामडं टाकून तंबूचं कापड हाती घेतलं आणि चामड्याचीच किंमत वसूल केली. एकदा नाव पक्कं झालं की मालाची जात बदलली तरी चालतं. १९८८ मध्ये बायकांचे कपडे आले, १९९३ मध्ये ‘मिउ मिउ’ हा दुसरा ब्रँड आला, २०११ मध्ये कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदली गेली, आणि २०२५ मध्ये तिनं वेर्साचे हे दुसरं इटालियन घराणं सव्वा अब्ज युरोंना विकत घेण्याचा करार केला.

पॅरिसच्या लुई व्हिताँचा धंदाही पेट्यांचाच. १८५८ मध्ये त्यानं सपाट झाकणाची ट्रंक काढली, कारण गोल झाकणाच्या ट्रंका एकावर एक रचता येत नसत. लगेच नकला सुरू झाल्या. त्यानं कापड बदललं, त्याचीही नक्कल झाली. १८८८ मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटीचं कापड काढून त्यावर नोंदणीकृत असल्याचा शिक्का मारला, आणि बापाच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये मुलगा जॉर्ज यानं आद्याक्षरांची ती आज जगभर ओळखीची झालेली नक्षी आणली. ती जन्माला आली ती नकलांवरचा बंदोबस्त म्हणून. हातात कला असलेल्या माणसानं नाव राखायला किती आटापिटा करावा लागतो, हे या मंडळींना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता कोल्हापूरकडे येऊ. २२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेलांच्या पायांत जी पायताणं होती ती बघून सांगलीच्या बाजारातलं पोरही सांगेल, ही कोल्हापुरी. अंगठा, पट्टा, वेणी, सगळं जिथल्या तिथे. कंपनीच्या टिपणात मात्र नुसतं ‘चामडी सँडल’ लिहिलं होतं. लाखाच्या वरची किंमत बातम्यांत फिरली आणि आपल्याकडे भडका उडाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं. मिउचा आणि पात्रित्सिओ यांचा मुलगा लोरेन्झो बेर्तेल्ली यानं उत्तर देऊन मान्य केलं की ही सँडल शतकांचा वारसा असलेल्या भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांवरून सुचलेली आहे. जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली.

प्राडा भोळेपणानं वागली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. याच कंपनीनं २०१० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या कारागिरीचा एक संच काढला होता: स्कॉटलंडचं लोकरी कापड, पेरूच्या अल्पाका लोकरीचे कपडे, जपानची डेनिम आणि भारतातली चिकनकारी. तेव्हा लेबलवर देशाचं नाव अभिमानानं छापलं होतं. श्रेय कसं द्यायचं हे त्यांना पंधरा वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. तेव्हा टीका व्हायला हवी होती आणि झाली, ते बरंच झालं.

पण टीकेच्या पुढे काय? कायद्यानं बघितलं तर प्राडानं काहीच मोडलं नव्हतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, ज्याला सगळे जीआय म्हणतात, ते मिळालं. जीआय संरक्षण देतं नावाला, आकाराला नव्हे. आणि आपला जीआय चालतो भारताच्या हद्दीत. प्राडानं ‘कोल्हापुरी’ हा शब्दच वापरला नाही. ज्या गोष्टीबद्दल आपण चिडलो त्याच गोष्टीनं त्यांना कायद्याच्या कचाट्याबाहेर ठेवलं. पुण्यातल्या काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जीआयचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, तुमचा संबंध काय, असं विचारून न्यायालयानं ती निकाली काढली. निकाल बरोबरच होता. मग हे मालक कोण?

मालक दोन सरकारी महामंडळं आहेत. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकाचं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर. जीआयचं क्षेत्र आठ जिल्ह्यांचं: इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कोल्हापूरच्या अस्मितेवर बोलणाऱ्या कित्येकांना हे माहीतच नव्हतं की कोल्हापुरी म्हणून खपणाऱ्या मालातला बराच अथणी आणि निपाणी भागात बनतो. सीमाप्रश्नावरून एकमेकांच्या एसटी अडवणारी दोन राज्यं एका चपलेची भागीदार आहेत, हे मला तरी मजेशीर वाटतं आणि थोडं आशादायकही.

महामंडळ मालक असणं वाईट नाही. पण इटलीकडूनच उदाहरण घ्यायचं तर पार्माच्या चीजकडे बघा. पार्मिजानो रेज्जानोचा संघ १९३४ पासूनचा आहे आणि तो चालवतात चीज बनवणारे. चीजच्या चाकासारख्या प्रत्येक गोळ्याच्या कडेवर ते कोणत्या डेअरीत, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनलं ते ठसलेलं असतं. संघाचे तपासनीस चाकावर हातोडी मारून आवाज ऐकतात आणि नापास मालावरचं नाव खरवडून काढतात. नकली चीज कुठे दिसलं की खटला भरतात. आपल्याकडे कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या किंवा अथणीतल्या कारागिराला जीआयचं काय झालं हे वर्तमानपत्रातून कळतं. त्याच्या चपलेवर त्याचा ना नंबर, ना ठसा.

आणि नकली मालाबद्दल बोलायचं तर मिलानपर्यंत जायची गरज नाही. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, दादरला, कुठल्याही जत्रेत रेक्झिनच्या, फोमच्या तळव्याच्या, मशीनवर चिकटवलेल्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून राजरोस विकल्या जातात. तो जीआय कायद्याचा सरळ भंग आहे, आपल्याच हद्दीतला. त्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. प्राडानं नाव न घेता आकार घेतला. आपल्या बाजारानं आकार कसाबसा ठेवून नाव लुटलं. कारागिराचं पोट मारण्यात यातलं दुसरं जास्त भारी पडतं.

ही चप्पल बनते कशी ते जरा जवळून बघायला हवं. कातडं कमवायचं ते चुन्यात भिजवून, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून. यात आठवडेच्या आठवडे जातात. रापीनं तळवे कापायचे, ओले करून ठोकायचे, दोन थरांच्या मधे कान बसवायचे, आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवत जायचं. अस्सल जोडात खिळा नसतो. वेणी घालणं, नक्षीची भोकं पाडणं, गोंडे करणं ही कामं बहुतेक घरातल्या बाया करतात आणि त्यांची मजुरी निराळी कुठे मोजली जात नाही. ढोर समाजानं कातडं कमवायचं, चांभारानं चप्पल शिवायची, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची. आणि या दोघांनाही गावानं शिवेबाहेरच ठेवलं. जोड पायात घालून मिरवायचा, पण तो बनवणाऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. राजर्षी शाहूंनी या कारागिरीला आणि कारागिरांना हात दिला, तो अपवादच. २०२५ च्या जूनमध्ये अचानक ‘आमची चप्पल’ म्हणणाऱ्यांत ‘आमचा चांभार’ म्हणणारे किती होते? हा प्रश्न मी कुणाला खिजवायला विचारत नाही. घरातली मुलं हा धंदा का सोडतात याचं निम्मं उत्तर त्यात आहे. उरलेलं निम्मं उत्पन्नात.

उत्पन्नावरून कातड्याचा विषय निघतो, आणि अस्मितेच्या सभांमध्ये तो कुणी काढत नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. १९९५ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेली दुरुस्ती वीस वर्षं दिल्लीत पडून राहिली आणि २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून लागू झाली. मग बैल आणि वळूही त्यात आले. कर्नाटकानं २०२१ मध्ये त्याहून कडक कायदा केला. कोल्हापुरीच्या तळव्याला जाड कातडं लागतं, ते बैलाचं नाही तर म्हशीचं. महाराष्ट्रात म्हशीला बंदी नाही, पण कातड्याची गाडी रस्त्यात अडवणारे आधी कागद बघतात असं थोडंच आहे? माल तमिळनाडूकडून आणा, भाडं भरा, वाटेत भीती बाळगा. कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध कुणाचं काहीही मत असो, त्याचा हिशेब चप्पल करणाऱ्याच्या खिशातून चुकता झाला हे तरी कबूल करायला हवं. प्राडाच्या शोनं कोल्हापूरच्या एकाही कारागिराचं एक गिऱ्हाईक कमी केलं नाही, उलट चर्चेमुळे मागणीच थोडी वाढली असेल. कातड्याच्या तुटवड्यानं कामं बंद पडली. तरी पुतळे कुणाचे जळणार हे ठरलेलं.

११ डिसेंबर २०२५ ला मुंबईत प्राडा, लिडकॉम आणि लिडकर यांच्यात करार झाला. २,००० जोड महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बनवून घ्यायचे, कोल्हापुरीपासून प्रेरित असल्याचं सांगून सुमारे ८०० युरोंना जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे, कारागिरांना प्रशिक्षण द्यायचं, काहींना इटलीतल्या प्राडाच्या अकादमीत न्यायचं. वर्तमानपत्रांनी याला विजय म्हटलं. तो विजय आहेच. पण केवढा ते मोजून बघू. २,००० गुणिले ८०० म्हणजे १६ लाख युरो. प्राडा समूहाची २०२४ ची विक्री सुमारे ५४३ कोटी युरोंची. दर दहा हजार युरोंमागे तीन युरो! कोल्हापुरीनं प्राडाला दिलेला जगभरचा बोभाटा जाहिरातीच्या भावानं धरला तर तो याहून महाग पडला असता.

करार नाकारा असं मी म्हणणार नाही. ८०० युरोंचा जोड कोल्हापूरच्या हातानं शिवलेला असेल आणि तसं सांगितलं जाईल, ही मोठी गोष्ट आहे. मला एकच आकडा हवा आहे: शिवणाऱ्याला जोडामागे किती मिळणार? बाजारात हजार-दीड हजाराला जाणाऱ्या जोडात त्याच्या हातात काय पडतं हे आपल्याला साधारण ठाऊक आहे. ऐंशी हजारांच्या पुढच्या जोडात काय पडेल? दोन्ही महामंडळं जनतेच्या पैशावर चालतात, तेव्हा हा दर जाहीर करायला त्यांची ना नसावी. शंका घ्यायला कारणही आहे. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयानं डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या इटलीतल्या उत्पादक कंपनीवर देखरेख बसवली, ती उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत मजूर राबवले जात असल्याच्या कारणानं. त्या प्रकरणात पुढे आलं की २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीचे पुरवठादाराला ५३ युरो मिळत होते. चामडं आणि इतर सामान त्यात धरलेलं नाही, हे मान्य. तरीही. ‘मेड इन इटली’च्या शिक्क्याखाली, मिलानच्या उंबऱ्यावर जर हे होतं, तर निपाणीच्या वस्तीत काय होईल ते देवाच्या भरवशावर सोडून चालणार नाही.

काही जण म्हणतात, फॅशनमध्ये सगळेच सगळ्यांकडून उचलतात, पैठणीवर मोर कुठून आला ते कुणी विचारतं का? यात तथ्य आहे. आकार कुंपणात कोंडता येत नाही, आणि कोंडूही नये. कोल्हापुरीचेच कापशी, कुरुंदवाडी असे प्रकार एकमेकांचं बघून झाले. म्हणून तर आकारावर भांडण्यात वेळ घालवू नये असं मला वाटतं. नावाचं तसं नाही. नाव राखता येतं, आणि प्राडानं शंभर वर्षं तेच केलं.

आता त्यासाठी एक दार उघडलंही आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळपास कुणी बोललेलं नाही. युरोपीय संघात भौगोलिक मानांकन आतापर्यंत खाण्यापिण्याच्या वस्तूंना मिळायचं. २०२३ च्या नव्या नियमानं ते कारागिरीच्या आणि औद्योगिक वस्तूंनाही मिळू लागलं. काच, मातीची भांडी, लेस, चामडी वस्तू, सगळ्यांना. हा नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, म्हणजे मुंबईतल्या करारावर सह्या होण्याच्या दहा दिवस आधी. युरोपबाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही अर्ज करता येतो. कोल्हापुरीची तिथे नोंदणी झाली तर मिलानच्या दुकानात ‘कोल्हापुरी’ म्हणून विकायचं असेल तेव्हा माल या आठ जिल्ह्यांतलाच लागेल. नुसतं ‘चामडी सँडल’ म्हणून विकायला कुणाला अडवता येणार नाही, पण नाव वापरायचं असेल तर भाव ठरवायच्या टेबलावर आपल्यालाही खुर्ची मिळेल.

अर्जासोबत मालाची कृती तपशिलानं लिहून द्यावी लागते: कोणतं कातडं, कसं कमावलेलं, किती थर, कशाची शिवण, कोणतं काम हातानं आणि कोणतं मशीनवर चालेल. हा कागद मंत्रालयात बसून कुणा सल्लागारानं लिहिला, तर उद्या त्यातल्या सवलतींचा फायदा मोठ्या कारखानदारालाच होईल आणि वादीऐवजी चिकटवणं हळूच ‘पारंपरिक’ ठरेल. तो सुभाषनगरच्या, कापशीच्या, अथणीच्या आणि मदभावीच्या कारागिरांना समोर बसवून लिहावा लागेल, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि वेण्या घालणाऱ्या बायांची सही त्यावर पुरुषांइतकीच असावी लागेल. प्राडाशी करार करायला दोन्ही महामंडळं सहा महिन्यांत एकत्र आली. या कागदासाठी त्यांना किती वेळ लागतो ते विधानसभेत कुणीतरी विचारायला हवं, आणि कर्नाटकाच्या बेळगावातल्या अधिवेशनातही.